सरळ पाहिलं की लपते, बाजूला पाहिलं की दिसते

प्रश्न : मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास आम्ही काही जण गावाबाहेरच्या माळावर आकाशदर्शनाला गेलो होतो. सोबतच्या काकांनी शर्मिष्ठा आणि महाश्वाचा चौकोन यांच्या मधली देवयानी दीर्घिका दाखवली. दुर्बिणीशिवाय एक पुसट ठिपका दिसत होता. पण त्याच्यावर नजर रोखली की तो नाहीसा व्हायचा आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा उमटायचा. काका म्हणाले, "तिरकं बघायचं, असंच असतं." पण असं का असतं? माझ्या डोळ्यांत काही दोष तर नाही ना? आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावायला सांगितलं, ते कशासाठी?
– एक वाचक, कराड

उत्तर : दोष नाही. तुमचे डोळे चोख काम करत आहेत याचीच ती खूण आहे. तिरकं बघणं ही आकाश निरीक्षकांची फार जुनी युक्ती. तिचं कारण मात्र आकाशात सापडत नाही, ते डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला आहे.

तिथे दृष्टिपटल असतं. त्याची जाडी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. प्रकाश टिपून आपल्याला चित्र दाखवणाऱ्या दोन जातींच्या पेशी त्यात असतात : लांबुडक्या दंडपेशी आणि निमुळत्या शंकुपेशी. एका डोळ्यात दंडपेशी साधारण नऊ ते बारा कोटी, तर शंकुपेशी पंचेचाळीस ते साठ लाख. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स शुल्त्झे यांनी 1866 साली वेगवेगळ्या प्राण्यांची दृष्टिपटलं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. घुबडासारख्या रात्री हिंडणाऱ्या पक्ष्यांत त्यांना दंडपेशींचीच गर्दी दिसली, तर दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांत शंकुपेशी भरपूर. त्यावरून त्यांनी मांडलं की मंद उजेड हे दंडपेशींचं क्षेत्र, आणि लख्ख उजेड व रंग हे शंकुपेशींचं. ते अनुमान आजही टिकून आहे.

या दोन जातींचं वाटप दृष्टिपटलावर सारखं झालेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच असमान वाटपात आहे. आपण एखाद्या वस्तूकडे सरळ बघतो तेव्हा तिची प्रतिमा पीतबिंदूच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या खळगीवर पडते. वाचताना, सुईत दोरा ओवताना, ओळखीचा चेहरा न्याहाळताना आपण हीच जागा वापरतो. तिथे शंकुपेशी खच्चून भरलेल्या असतात आणि ऐन मध्यावर, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर रुंदीच्या भागात, एकही दंडपेशी नसते. म्हणजे गडद अंधारात प्रत्येक माणसाच्या नजरेच्या मधोमध एक आंधळी जागा असते. आकाशात मोजली तर ती पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारीशेजारी बसतील एवढी भरते. देवयानीचा मधला तेजस्वी भाग, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेवढा जाणवतो तेवढा, या जागेत सहज बुडतो. तुम्ही नजर रोखलीत की तिचा प्रकाश नेमका शंकुपेशींवर पडत होता, आणि एवढ्या मंद प्रकाशाची दखल घेणं शंकुपेशींच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मध्यापासून दूर जावं तशा दंडपेशी दाट होत जातात. पंधरा ते वीस अंशांवर त्या सर्वांत दाट असतात. हात लांब करून मूठ वळली की ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, तेव्हा ठिपक्यापासून एक ते दीड मूठ बाजूला बघितलं की काम होतं. नजर बाजूलाही एकाच ठिकाणी खिळवून ठेवू नका. कडेला पडलेली स्थिर प्रतिमा काही सेकंदांत विरू लागते, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी 1804 मध्येच नोंदवलं होतं. नजर हलकेच फिरवत राहिलात की ठिपका टिकून राहील.

या तिरक्या नजरेची किंमतही मोजावी लागते. खळगीतल्या शंकुपेशीला मेंदूकडे जाणारी जवळजवळ स्वतःची अशी वाट असते. दंडपेशींना ती चैन नाही. शेकडो दंडपेशींचे संदेश एकत्र होत होत एका चेतापेशीपर्यंत पोहोचतात. प्रत्येकीकडचा थेंबभर प्रकाश एका जागी जमा होतो, म्हणून मंद वस्तू जाणवते. पण तो नेमका कोणत्या पेशीकडून आला हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणूनच अंधारात आपल्याला कडा आणि बारकावे दिसत नाहीत आणि वर्तमानपत्राचा मथळाही लागत नाही.

या दंडपेशी किती हळव्या असतात, हे 1942 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेख्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी मोजलं. विज्ञानातल्या ज्या प्रयोगांची मला मनापासून ओढ आहे त्यांत हा फार वरचा. निरीक्षकांत ते स्वतःही होते. आधी अंधारात बराच वेळ बसायचं, मग नजरेच्या मध्यापासून वीस अंश बाजूला हिरव्या प्रकाशाचा एक सहस्रांश सेकंदाचा लुकलुकाट घ्यायचा आणि दिसला की नाही ते सांगायचं. बुबुळावर 54 ते 148 प्रकाशकण पोहोचले की लुकलुकाट दिसत होता. यातले बरेचसे वाटेतच गळतात : थोडे परावर्तित होतात, काही डोळ्याच्या आतल्या द्रवात आणि भिंगात शोषले जातात, काही पेशींना न भेटताच पलीकडे जातात. प्रत्यक्ष दंडपेशींनी टिपलेले कण उरतात पाच ते चौदा. प्रकाशाचा तो ठिपका सुमारे पाचशे दंडपेशींवर पसरला होता. पाचशे पेशींत सातआठ कण विखुरले तर एकाच पेशीला दोन कण मिळण्याची शक्यता नगण्य. तेव्हा निष्कर्ष एकच निघतो : एका दंडपेशीला जागं करायला प्रकाशाचा एक कण पुरतो. प्रकाशाचा त्याहून लहान तुकडा निसर्गात नाही. पेशीच्या आत डोकावण्याची साधनं हाताशी नसताना, केवळ हिशोबानं त्यांनी हे गाठलं. पुढे 1979 मध्ये बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाची एकेक दंडपेशी काचेच्या बारीक नळीत ओढून घेतली आणि एका प्रकाशकणानं तिच्या विद्युतप्रवाहात पडणारा फरक प्रत्यक्ष मोजून दाखवला.

आता ही पेशी प्रकाश टिपते म्हणजे काय करते ते पाहू. दंडपेशीच्या बाहेरच्या टोकात सुमारे हजार पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या चकत्यांत रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. एका पेशीत त्याचे साधारण दहा कोटी रेणू. प्रत्येक रेणू म्हणजे ऑप्सिन हे प्रथिन आणि त्याच्या पोटात अडकवलेला रेटिनाल हा छोटा रेणू. अंधारात रेटिनालची शेपटी एका जागी वाकलेली असते. प्रकाशकण शोषला की ती सरळ होते. याला किती वेळ लागतो? सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. देवयानीचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे पंचवीस लाख वर्षं चालत असतो आणि त्याचा प्रवास या एका शेपटीच्या सरळ होण्यात संपतो. यानंतर जे काही घडतं त्यात प्रकाशाचा संबंध उरत नाही, सारी रसायनांची कामगिरी.

रेटिनाल सरळ झाला की त्याला धरून बसलेल्या ऑप्सिनचा आकार बदलतो. बदललेला ऑप्सिन शेजारून जाणाऱ्या ट्रान्सड्यूसिन या प्रथिनाचे एकामागून एक कितीतरी रेणू कामाला लावतो. तेही गप्प बसत नाहीत. त्यांच्यामुळे एक विकर जागं होतं आणि चक्रीय जीएमपी नावाचे रेणू हजारोंनी तोडू लागतं. पेशीच्या बाहेरच्या आवरणात सोडियम आत येण्याची दारं असतात आणि ती उघडी राहतात ती याच जीएमपीच्या जोरावर. ते संपू लागलं की शेकडो दारं मिटतात, लाखो सोडियम आयन बाहेरच अडतात आणि पेशीचा विद्युतदाब सुमारे एक मिलिव्होल्टनं बदलतो. एका कणाचा परिणाम असा पायरीपायरीनं फुगत जातो, म्हणूनच तो पुढच्या चेतापेशीला कळतो.

यातली खरी आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. ही दारं अंधारात उघडी असतात आणि उजेडात मिटतात. आपल्याला वाटेल की अंधारात पेशी झोपलेली असेल आणि उजेड पडला की कामाला लागेल. घडतं नेमकं उलट. अंधारात दंडपेशी सतत प्रवाह वाहू देते, सतत ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीवर सोडत राहते. उजेडाचा कण आला की तिचं ते सोडणं क्षणभर थबकतं. पुढची पेशी ही थबक ओळखते. रात्री डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याच्या आवाजात आपण गाढ झोपतो आणि वीज जाऊन तो थांबला की जागे होतो, तसंच हे. आत शिरलेलं सोडियम सारखं बाहेर उपसावं लागतं, म्हणून दृष्टिपटलाला ऊर्जाही उजेडापेक्षा अंधारात जास्त लागते. तुम्ही माळावर शांत पडून वर बघत होता तेव्हा तुमच्या दंडपेशी दिवसातलं सर्वांत कष्टाचं काम करत होत्या.

एका कणावर जागी होणारी पेशी विनाकारणही जागी होत राहिली तर तिचा उपयोग शून्य. शरीराच्या उष्णतेनं रेटिनालची शेपटी प्रकाशाशिवायही क्वचित सरळ होते. पण एखाद्या विशिष्ट रेणूच्या बाबतीत हे घडायला सरासरी शेकडो वर्षं लागतात, इतका तो रेणू स्थिर आहे. पेशीत असे दहा कोटी रेणू असल्यामुळे खोटा इशारा साधारण दोनतीन मिनिटांतून एकदा येतो, आणि जवळपासच्या अनेक पेशींनी एकाच वेळी इशारा दिला तरच तो पुढे खरा मानला जातो.

आता अंधाराला सरावण्याबद्दल. माळावर उतरल्या उतरल्या तुम्हाला देवयानी दिसली नसणार. पुष्कळांना वाटतं की अंधारात बाहुली मोठी होते म्हणून हळूहळू दिसू लागतं. बाहुली मोठी होते हे खरं, पण ती काही सेकंदांत मोठी होते आणि त्यानं प्रकाश फार तर दहापंधरा पट वाढतो. अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याची संवेदनशीलता मात्र लाखपटींच्या घरात वाढलेली असते. ती वाढ होते रोडॉप्सिन पुन्हा भरून आल्यामुळे.

कारण एकदा सरळ झालेला रेटिनाल आपोआप वाकत नाही. रोममध्ये काम करणाऱ्या फ्रान्झ बोल यांनी 1876 मध्ये पाहिलं की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल जांभळट तांबडं असतं आणि उजेडात ते फिकं पडत जातं. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी हा धागा पुढे नेला. त्यांनी सशाला अंधारातून काढून गजांच्या खिडकीसमोर धरलं आणि मग त्याचं दृष्टिपटल तुरटीच्या पाण्यात पक्कं केलं, तर त्यावर खिडकी गजांसकट उमटलेली होती. त्यांचा दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. दृष्टिपटल त्याच्या मागच्या काळपट थरापासून सोलून काढलं तर उडालेला रंग परत येत नाही. तेच त्या थरावर पुन्हा टेकवून अंधारात ठेवलं तर रंग भरतो. सरळ झालेला रेटिनाल या मागच्या थरात नेला जातो, तिथे पुन्हा वाकवला जातो आणि दंडपेशीकडे परत धाडला जातो. ही ने-आण सावकाश चालते. शंकुपेशी आठदहा मिनिटांत आपली मर्यादा गाठतात, दंडपेशींना अर्धा तास ते चाळीस मिनिटं लागतात. शहरात राहणाऱ्या कित्येकांच्या दंडपेशींना वर्षानुवर्षं असा सलग अर्धा तास मिळतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळांच्या सहली किल्ल्यांवर आणि धरणांवर जातात. त्यातली एक तरी अंधाऱ्या माळावर मुक्कामाची असायला हवी.

लाल कागदाचं कारण यातूनच निघतं. दंडपेशींचं रंगद्रव्य 500 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर हिरवा प्रकाश सर्वांत चांगला शोषतं. 650 नॅनोमीटरपलीकडचा तांबडा प्रकाश त्याला जवळपास लागतच नाही. शंकुपेशींतल्या एका प्रकाराला मात्र तो दिसतो. म्हणून लाल उजेडात ताऱ्यांचा नकाशा शंकुपेशी वाचतात आणि दंडपेशींचा सराव मोडत नाही. कागद मात्र दोनतीन पदरी लावा. एकेरी जिलेटिनमधून बराच पांढरा प्रकाश निसटतो, आणि भडक लाल उजेडही बाधतोच. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा जरी पाहिलं तरी पुढची काही मिनिटं मंद वस्तू हरवतात. काका याबाबत कडक असतील तर ते बरोबरच आहेत.

तिन्हीसांजेला जास्वंदीच्या झाडाकडे बघा. दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारं तांबडं फूल तेव्हा काळपट पडतं आणि पानंच उजळ वाटू लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी 1825 साली हा बदल नोंदवला. शंकुपेशींकडून दंडपेशींकडे सूत्रं जाताना हे घडतं. देवयानीच्या छायाचित्रांत निळसर भुजा आणि पिवळट गाभा दिसतो, तुम्हाला मात्र राखाडी ठिपका दिसला, त्याचंही कारण हेच. दंडपेशीला फक्त किती कण टिपले तेवढंच सांगता येतं, ते कोणत्या रंगाचे होते हे सांगता येत नाही. रंग ओळखायला निरनिराळ्या रंगद्रव्यांच्या पेशींची तुलना लागते. शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, दंडपेशी एकाच.

पुढच्या वेळी दुर्बीण मिळाली तर एक काळजी घ्या. चेतातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतात तो अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून सुमारे पंधरा अंशांवर, कानाच्या बाजूला जाणवतो. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो, पण दुर्बिणीला एकच डोळा लावला की वस्तू नेमकी त्यात पडू शकते. म्हणून उजव्या डोळ्यानं बघताना नजर उजवीकडे सरकवा, डाव्यानं बघताना डावीकडे. वस्तू नाकाच्या बाजूला राहिली पाहिजे.

शेवटी दोषाबद्दल, कारण तुम्ही विचारलंत म्हणून. रेटिनाल आपलं शरीर जीवनसत्त्व अ पासून बनवतं. जॉर्ज वॉल्ड यांना हे जीवनसत्त्व 1933 मध्ये दृष्टिपटलात सापडलं आणि त्या कामासाठी त्यांना 1967 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याची कमतरता सर्वांत आधी दंडपेशींना भोवते. मूल दिवसभर नीट खेळतं आणि दिवेलागणीला अडखळू लागतं, ताटातला घास चाचपडत शोधतं. हा रातांधळेपणा. वेळीच जीवनसत्त्व मिळालं तर तो बरा होतो. दुर्लक्ष केलं तर बुबुळ कोरडं पडून कायमचं अंधत्व येऊ शकतं. म्हणूनच आपल्याकडे 1970 पासून लहान मुलांना जीवनसत्त्व अ देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो : नवव्या महिन्यात एक लाख एककांचा डोस, पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. अंगणवाडीत हे डोस देतात, ते चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, माठ, गाजर, पिकलेली पपई, आंबा, अंडी यांतूनही ते मिळतं. मात्र ज्यांना ते पुरेसं मिळतंच आहे त्यांनी जास्त गोळ्या खाल्ल्यानं नजर तीक्ष्ण होत नाही, उलट अपाय होतो.

काही आनुवंशिक आजारांत दंडपेशीच हळूहळू नाहीशा होतात. त्यांत आधी रात्रीचं दिसणं जातं आणि मग कडेची नजर आत आत आकसत येते. रेटिनाल पुन्हा वाकवणाऱ्या विकराचं जनुक सदोष असेल तर त्यावर जनुकोपचार निघाला आहे. अमेरिकेत त्याला 2017 मध्ये मान्यता मिळाली. हा उपचार त्या एका जनुकाच्या दोषापुरताच आहे, पण मार्ग उघडला हे खरं. तुम्हाला तिरक्या नजरेनं देवयानी दिसली, तेव्हा तुमच्याबाबत चिंता नको. मात्र तुमच्या सोबत्यांपैकी कुणाला अर्धा तास अंधारात काढूनही, इतरांना सहज दिसणारे तारे दिसत नसतील, किंवा माळावर चालताना ते वारंवार ठेचकाळत असतील, तर त्यांना दृष्टिपटलाची तपासणी करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगा.